खासगी नोकरभरती आतून कशी चालते? बौद्ध तरुणांनी माहीत करून घ्यावे असे काही

सरकारी भरतीची माहिती आपल्या मुला-मुलींना तोंडपाठ असते. राज्याच्या सेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के जागा, केंद्राच्या देशपातळीवरील खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या थेट भरतीत १५ टक्के, जात पडताळणीचा अर्ज कधी करायचा, केंद्रासाठी प्रमाणपत्र कुठल्या नमुन्यात लागते, हे सगळे बुधवार पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा कोणीही सांगेल. त्याच मुलाला विचारा, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझरची जागा कशी भरतात? पुण्यातल्या कंपनीत अकाउंट्सला माणूस कसा घेतात? उत्तर एकच येते, 'ओळख लागते.'

हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. ओळख नेमकी कुठे लागते, कुठे लागत नाही, जात कोणत्या टप्प्यावर आडवी येते आणि आपल्या तयारीतली उणीव कोणत्या टप्प्यावर आडवी येते, हे वेगवेगळे करून पाहिले नाही तर दोन चुका होतात. काही जण प्रत्येक नकार जातीच्या खात्यावर टाकून बसून राहतात. काही जण प्रत्येक नकार स्वतःच्या नालायकीच्या खात्यावर टाकून खचून जातात. विहारात बायोडाटा तपासायला बसलो की दोन्ही प्रकारची मुले भेटतात. त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र करून लिहितो आहे.

गिरणीतला जॉबर आणि आजचा रेफरल

ओळखीवर माणूस घेण्याची पद्धत जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार लावण्याचा खरा अधिकार जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे असे. तो आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणून खात्यात लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. मालकाला हे सोयीचे होते. माणूस शोधायचा त्रास नाही, आणि आणलेल्या माणसाची जबाबदारी मुकादमावर.

विणकाम खात्यात मजुरी चांगली होती. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगत, की धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नाहीत. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांतच राहिली. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. नोकरभरतीतला भेदभाव हा कामगार चळवळीचा प्रश्न आहे, हे त्यांनी त्या वेळी सांगितले होते.

सोलापूरही गिरणीचेच गाव. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, पुढे तिलाच जुनी गिरणी म्हणू लागले. मोठ्या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग, चादर, टॉवेल आणि गारमेंट राहिले. या लहान कारखान्यांत आजही बहुतेक माणसे तोंडी निरोपावर लागतात. तिथे एचआर नावाचे खाते नसते. मालक किंवा मुनीम आपल्याच कामगाराला सांगतो, 'कोणी पोरगा असला तर घेऊन ये.'

मोठ्या कंपन्यांत याच पद्धतीला रेफरल म्हणतात. कर्मचाऱ्याने ओळखीच्या माणसाचा बायोडाटा दिला आणि तो माणूस टिकला, तर अनेक कंपन्या त्या कर्मचाऱ्याला बक्षीस देतात. एचआरच्या बाजूने हिशेब सरळ आहे. जाहिरातीचा खर्च वाचतो, माणूस लवकर मिळतो आणि कोणीतरी त्याच्याबद्दल बोललेले असते. परिणाम मात्र जुनाच. आत बसलेली माणसे एका वस्तीतली, एका समाजातली असतील, तर त्यांच्या ओळखीही तिथल्याच असतात. दार कोणी मुद्दाम लावलेले नसते, तरी ते आपल्यासाठी बंद राहते. हे समजून घेतले तर उपायही सापडतो. त्याकडे शेवटी येतो.

जाहिरात निघण्याआधी आणि नंतर

मध्यम किंवा मोठ्या कंपनीत जागा साधारण या क्रमाने भरते.

१. खात्याचा मॅनेजर एचआरला सांगतो, की इतकी माणसे हवीत, अमुक काम येणारी, तमुक पगारात.

२. एचआर आधी आतली माणसे बघते, मग रेफरल, मग आपल्याकडे साठवलेले जुने बायोडाटा. अनेक जागा इथेच भरतात आणि बाहेर कोणाला कळतही नाहीत.

३. माणूस मिळाला नाही तर नोकरीच्या पोर्टलवर जाहिरात जाते किंवा कन्सल्टन्सीला सांगितले जाते.

४. शेकडो अर्ज येतात. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर चाळणी करते. जाहिरातीतले शब्द बायोडाटात आहेत का, हे ते बघते. मग एचआरमधला माणूस एकेका बायोडाटावर काही सेकंद नजर टाकतो.

५. निवडलेल्यांना फोन जातो. शिक्षण, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, कधी रुजू होणार, एवढेच विचारतात. ही मुलाखतच असते, पण आपली मुले फोनवर गडबडून जातात.

६. लेखी किंवा प्रात्यक्षिक चाचणी, मग खात्याच्या मॅनेजरची मुलाखत, मग एचआरची मुलाखत.

७. कागदपत्रांची आणि जुन्या नोकरीची पडताळणी, मग नियुक्तीपत्र.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. निवड बहुतेक वेळा खात्याचा मॅनेजर करतो. एचआर चाळणी करते, पगार ठरवते आणि कागद तयार करते. त्यामुळे मॅनेजरसमोर कामाबद्दल बोलायचे असते आणि एचआरसमोर टिकण्याबद्दल. हा माणूस तीन महिन्यांत सोडून तर जाणार नाही ना, ही एचआरची सगळ्यात मोठी काळजी असते.

दुसरी गोष्ट, जाहिरात येण्याची वाट बघत बसू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर थेट अर्ज टाका. एमआयडीसीत गेटवर बायोडाटा देण्याची पद्धत अजून चालते. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्राकडून होणाऱ्या मेळाव्यांची माहिती ठेवा.

आयटीआय झालेल्यांसाठी एक महत्त्वाचे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्या कायद्याच्या कलम ३-अ मध्ये ठरावीक ट्रेड्ससाठी अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागांची तरतूद आहे आणि हा कायदा खासगी कारखान्यांनाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणून आपण हळहळतो, पण ही तरतूद आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

नावावर होणारी चाळण

बायोडाटावरचे नाव बघून निवड बदलते का? याचे उत्तर अभ्यासातून मिळालेले आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावात. काही नावे सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लीम. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या २५ मोठ्या कंपन्यांच्या एचआर प्रमुखांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असे ते सांगत. त्याच वेळी उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणे त्यांना आवश्यक वाटत होते. वडील काय करतात, घरात किती शिकलेले, कुठून आलात. जातीचे नाव न काढता जात चाचपण्याची ही वाट आहे, असे या अभ्यासातून दिसते.

हे वाचून घाबरायचे की काय करायचे? आकडा नीट वाचा. दोन तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे. ज्याला १० अर्जांत बोलावणे येते, तितक्याच बोलावण्यांसाठी आपल्याला साधारण १५ अर्ज टाकावे लागतील, असा त्याचा ढोबळ अर्थ. हे अन्यायकारक आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण अर्ज टाकताना ५ नकार आले म्हणून थांबायचे नाही, हेही याच आकड्यातून शिकायचे. आमच्याकडे येणारी बरीच मुले ४-५ अर्जांनंतर थांबलेली असतात.

नाव, पत्ता लपवावा का?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. आडनाव बदलावे का? पत्त्यात मिलिंदनगर, रमाईनगर लिहू नये का? ईमेलमध्ये जय भीम आहे, तो बदलावा का?

१९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात कोणी राहायला जागा देईना, म्हणून पारशी नाव घेऊन ते पारशांच्या पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. इतके शिक्षण असूनही घेतलेले नाव त्यांना वाचवू शकले नाही.

माझे मत असे. नाव आणि आडनाव बदलू नका. कागदपत्रांची पडताळणी झाली की ते बाहेर येतेच, आणि मग तुमच्यावर खोटेपणाचा ठपका बसतो. नोकरीत पुढची दहा वर्षे आपण कोण हे लपवत राहण्याचा ताणही वेगळाच असतो. पत्त्याचे मात्र वेगळे. बायोडाटावर आजकाल कोणीच पूर्ण पत्ता लिहीत नाही, शहर आणि मोबाईल नंबर पुरतो. 'सोलापूर' एवढेच लिहिणे ही लपवाछपवी नाही. ईमेल नावाचा साधा असावा, हा नियम सगळ्यांनाच लागू आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली असते. खासगी कंपनीने जन्मतारखेचा पुरावा मागितला तर दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड किंवा पासपोर्ट द्या. आरक्षण नसलेल्या खासगी नोकरीसाठी जात प्रमाणपत्र देण्याचे काही कारण नाही. कोणी मागितलेच, तर कशासाठी ते विचारा. काही मोठ्या कंपन्या सामाजिक समावेशाच्या कार्यक्रमासाठी ही माहिती स्वेच्छेने मागतात. ती द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

बायोडाटात काय लिहावे

आपल्याकडचे बरेच बायोडाटा लग्नाच्या बायोडाटाची नक्कल असतात. वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, छंद. खासगी नोकरीच्या बायोडाटात यातले काहीही नको. एक पान, फार तर दोन. वर नाव, मोबाईल, ईमेल. मग दोन ओळींत तुम्ही काय करू शकता. मग अनुभव, मग शिक्षण, मग येणारी कामे, संगणक, भाषा. प्रत्येक जाहिरातीसाठी बायोडाटात थोडा बदल करा. जाहिरातीत 'टॅली' आणि 'जीएसटी रिटर्न' असेल आणि ते तुम्हाला येत असेल, तर तेच शब्द वापरा.

'अनुभव नाही' असे म्हणणारी मुले स्वतःचा अनुभव मोजतच नाहीत. १४ एप्रिलच्या जयंती मंडळाचा हिशेब दोन वर्षे सांभाळला, वर्गणीच्या पावत्या, खर्चाचा ताळेबंद, सभेत हिशेब मांडणे हे सगळे केले, तर तो हिशेबाचा अनुभव आहे. विहारात दहावीच्या मुलांना गणित शिकवले, तर तो शिकवण्याचा अनुभव आहे. मिरवणुकीत ६० स्वयंसेवकांच्या ड्युट्या लावल्या, तर ती माणसे सांभाळण्याची कामगिरी आहे. हे आकड्यांसह लिहा. संस्थेचे नाव लिहायचे की 'सामाजिक मंडळ' म्हणायचे, ते तुमच्यावर सोडतो. मी विचारणाऱ्यांना नाव लिहायला सांगतो, कारण मुलाखतीत त्याबद्दल बोलताना मुलांचा आवाज मोकळा होतो.

खोटा अनुभव लिहू नका. पंचशीलातले चौथे शील बाजूला ठेवले तरी व्यवहारातही ते महागात पडते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच असतो. कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलेत, हे त्यावरून कळते. ज्या मुलाला कामावर घ्यायचे ठरले होते त्याला खोट्या अनुभवपत्रामुळे पडताळणीत नाकारले, असे आम्ही पाहिले आहे. तिथे जातीचा संबंध नव्हता.

स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे

आपल्या समाजातल्या पदवीधरांचा हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पदवी झाली २२ व्या वर्षी, पुढची ५-६ वर्षे राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी, बँक. वय २८ झाले की घरचे म्हणतात, आता काहीतरी कर. मग एचआरसमोर बसल्यावर पहिला प्रश्न येतो, 'ही वर्षे काय केले?' आणि मूल मान खाली घालते.

मान खाली घालायचे कारण नाही. पण एचआरच्या मनात दोन शंका असतात, त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिली, इतकी वर्षे कामाची सवय नाही, जमेल का? दुसरी, परीक्षेचा निकाल लागला की हा सोडून जाईल का?

उत्तर असे देता येईल: 'पाच वर्षे मी राज्यसेवेची तयारी केली. दोनदा पूर्वपरीक्षा पास झालो, मुख्य परीक्षा निघाली नाही. त्या काळात संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून स्वतःचा खर्च भागवला. आता मी परीक्षा देणे थांबवले आहे आणि या क्षेत्रात काम शिकायचे आहे.' हे खरे असेल तरच म्हणा. परीक्षा अजून देणार असाल आणि विचारले, तर तेही सांगा. काही जागा जातील, पण जी मिळेल तिथे खोटे बोलून राहावे लागणार नाही.

अभ्यासिकेत बसलेल्यांना एक सल्ला. तयारी सुरू करतानाच तिची मुदत ठरवा आणि ती घरच्यांना सांगा. तयारीच्या काळात एक बाजारात चालणारे कौशल्य शिकून ठेवा. टॅली, इंग्रजी-मराठी टंकलेखन, एक्सेल, वायरिंग, रुग्णालयातले काम, काहीही. बार्टीसारख्या संस्थांच्या प्रशिक्षणांच्या जाहिराती बघत राहा. परीक्षेत यश आले तर ते वाया जाणार नाही, आणि नाही आले तर २८ व्या वर्षी कोरा बायोडाटा घेऊन उभे राहावे लागणार नाही.

घरच्या प्रश्नांची उत्तरे

मुलाखतीत 'वडील काय करतात?' हा प्रश्न येणारच. वडील यंत्रमागावर असतील, महापालिकेत सफाई कामगार असतील, आई विड्या वळत असेल. मुले इथे अडखळतात, 'बिझनेस करतात' असे काहीतरी बोलून जातात. मग पुढचा प्रश्न येतो आणि गोंधळ वाढतो.

एका वाक्यात खरे सांगा आणि दुसऱ्या वाक्यात स्वतःकडे या. 'वडील यंत्रमाग कामगार आहेत. घरातली मी पहिली पदवीधर, बी.कॉम. ६८ टक्क्यांनी झाले.' प्रश्न संपतो आणि चेंडू पुन्हा तुमच्या कामाकडे येतो. हे वाक्य घरी आरशासमोर वीस वेळा म्हणा. ते म्हणताना लाज वाटणे बंद झाले, की मुलाखतीचा अर्धा ताण जातो.

थेट जात विचारली तर? तसे क्वचित होते, पण होते. 'मी बौद्ध आहे' असे शांतपणे सांगता येईल. किंवा, 'या कामासाठी ही माहिती कशी लागते, ते कळेल का?' असे नम्रपणे विचारता येईल. दोन्हीत चूक काही नाही. चिडून उठून जाणे समजण्यासारखे आहे, पण त्याने विचारणाऱ्याची सुटका होते. घरी आल्यावर तारीख, वेळ, कोण होते, नेमके काय विचारले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

मुलींना लग्न कधी, मूल कधी, असे विचारतात. 'या जागेच्या कामाच्या वेळा आणि जबाबदाऱ्या मला मान्य आहेत' एवढे उत्तर पुरेसे. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. रुजू होण्याआधी तिच्याबद्दल विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पगार आणि नियुक्तीपत्र

एचआर 'तीन लाखांचे पॅकेज' म्हणते तेव्हा महिन्याला २५ हजार हातात येतील असे समजू नका. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा, कधी बोनससुद्धा त्यात धरलेला असतो. म्हणून एकच प्रश्न विचारा: 'कपाती वजा जाता महिन्याला हातात किती येतील?'

२० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना भविष्य निर्वाह निधी लागू असतो. साधारणपणे मूळ वेतनाच्या १२ टक्के तुमचे आणि तितकेच मालकाचे. ईएसआयसी १० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी लागू असते. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराकडून कारखान्यात लागलात तरी हे हक्क जात नाहीत. पहिल्या महिन्यातच यूएएन आणि ईएसआयसी नंबर मागून घ्या.

नियुक्तीपत्राशिवाय रुजू होऊ नका. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ते देण्याची तरतूद आहे. पद, पगार, कामाचे ठिकाण, परिवीक्षेचा काळ आणि सोडताना किती दिवसांची नोटीस द्यायची, हे त्यात बघा.

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी मालकाने कामगाराशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. ताकदीप्रमाणे काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. सम्यक आजीविका आपण आपल्या बाजूने पाळायचीच, पण मालक कसा आहे हे तपासायलाही ही यादी आजही चालते.

आणि फसवणूक. नोकरीसाठी पैसे मागणारा, मग तो कन्सल्टन्सीवाला असो, रेल्वेत साहेब ओळखीचा म्हणणारा असो की लॅपटॉपची अनामत मागणारा, तो फसवणारा आहे असेच समजा. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नका. बाँडवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

भेदभाव झाला तर

राज्यघटनेच्या कलम १६ मधली समान संधी सरकारी नोकऱ्यांपुरती आहे. खासगी भरतीतल्या जातीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही, ही मोठी उणीव आहे आणि ती आपल्या चळवळीच्या मागण्यांत असली पाहिजे. तरीही हात अगदीच रिकामे नाहीत. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी-धंद्यात अडवणूक करणे गुन्हा ठरवतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने अशीच तरतूद आली, आणि लोकांदेखत जातिवाचक अपमान केल्यास तो कायदा लागू होतो.

अडचण पुराव्याची असते. नकार बहुतेक वेळा मुका असतो. म्हणून ईमेल, मेसेज, जाहिरात, फोनची वेळ जपून ठेवा. राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६६ वर तक्रार करता येते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

विहारात नोकरी कट्टा

आता सुरुवातीच्या 'ओळखी'कडे. भरतीचा मोठा भाग ओळखीतून होत असेल, तर ओळख तयार करावी लागेल. ती आपल्याकडे आहे, फक्त विखुरलेली आहे. बँकेत, रेल्वेत, रुग्णालयात, चाकणच्या कारखान्यात, हिंजवडीच्या कंपनीत आपली माणसे आहेत. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला परतणारी कितीतरी मुले वस्तीतलीच असतात. त्यांच्या कंपनीत जागा निघाली हे शेजारच्या गल्लीतल्या मुलीला कळत नाही.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर दोन तास पुरतात.

- नोकरीत असलेल्यांनी आपल्या कंपनीतल्या जागा आणि पात्रता विहाराच्या फलकावर लावायची.
- नोकरी शोधणाऱ्यांचे बायोडाटा तिथेच तपासायचे, त्यातले दोन-तीन रेफरलने पाठवायचे.
- निवृत्त अधिकारी, शिक्षक यांनी सरावाच्या मुलाखती घ्यायच्या, फोनवरच्या मुलाखतीचाही सराव द्यायचा.
- कोणी किती अर्ज टाकले, कुठे अडले, याची वही ठेवायची. एकाच कंपनीत, एकाच टप्प्यावर आपली मुले वारंवार अडत असतील, तर ते वहीतूनच दिसेल आणि तक्रारीला तीच आधार होईल.

एक नियम मात्र कडक ठेवा. जागेची माहिती फलकावर सगळ्यांसाठी, आणि कोणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. माहिती दडवून आपल्याच भाच्याला लावले किंवा लावून दिल्याबद्दल 'समजून घ्या' म्हटले, तर आपणही जॉबरच झालो. जॉबरने ज्यांना विणकाम खात्याबाहेर ठेवले, त्यांची आपण नातवंडे आहोत.

ज्याला नोकरी लागली त्याने पुढच्या महिन्यात कट्ट्यावर येऊन फलकासमोर उभे राहायचे आणि आपल्या कंपनीतल्या जागा सांगायच्या. एवढेच ठरवले तरी दोन-तीन वर्षांत 'ओळख लागते' हे वाक्य आपल्या वस्तीत वेगळ्या अर्थाने म्हणता येईल.

जय भीम.